सरकी फुटत नाही

"आ करा. अजून. जीभ मागं घ्या."

*

कोरडी सरकी दाढेखाली फुटते. कट्. ओली सरकी नुसती दबते.

*

कोकिळाबाईंच्या स्वयंपाकघरातलं एक पितळी फुलपात्र सगळ्यांत वरच्या फळीवर जाऊन बसलं आहे. त्यातून कुणाला पाणी द्यायचं नाही. का, असं विचारलं तर त्या म्हणतात, "पोचा आला त्याले."

*

कापसावर पाणी मारलं की वजन वाढतं. पाणी मारणाऱ्याच्या घरात पोरगी देताना आष्टीकडचे लोक दोनदा विचार करतात.

*

लहानू सासुरवाडीच्या ओट्यावर घोंगडं घेऊन बसला आहे. सासू विचारते, "जवाई, किती रोज हाये मुक्काम?"

"पाहू," तो म्हणतो.

*

आर्वीच्या कापूस खरेदी केंद्रावर वासुदेवराव प्रतवारी करत. भरलेली बैलबंडी समोर आली की खांद्यापर्यंत हात खुपसून तळातला कापूस काढायचा. धागा ओढून बघायचा. मग एक सरकी सोलून उजव्या दाढेखाली धरायची. आवाज आला की "चालू द्या." नाही आला की "वाळवून आणा." ओल मोजायचं यंत्र केंद्रात होतं, पण त्याची सुई कधी हलली नाही आणि कुणाचं अडलंही नाही. दोन कास्तकारांत कापसावरून वाद झाला, तर तिसरा म्हणे, "चाल, वासुदेवरावाच्या दाताले विचारू."

ते दात चाळिशीतच हलायला लागले. हिरड्यांतून पू येई. वासुदेवराव तुरटीच्या गुळण्या करत, लवंग धरत, बोलताना हात तोंडाशी नेत. पन्नाशी आली त्या हंगामाअखेर उजवीकडची शेवटची दाढही पडली; आता वर एक दात उरला नव्हता आणि खालच्या दाढा गेल्या होत्या. हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात, मेहुण्याकडे सोयरिकीची बोलणी आहेत असं सांगून ते वर्ध्याला गेले.

डॉक्टर तरुण होता. श्रीधर त्याचं नाव. मापाचं मेण तोंडातून काढून त्यानं खिडकीत ठेवलं.

"कवळीनं भाकर कुस्करून खाता येईल. सुपारी, हरभरे विसरा."

"सरकी?"

"सरकी कशाला खायची?"

"खाची नाई जी. फोडाची."

वासुदेवरावांनी काम सांगितलं तेव्हा डॉक्टर हात पुसता पुसता थांबला. "कवळी हिरडीवर नुसती बसलेली असते. तिला काय कळणार? परदेशात आता जबड्याच्या हाडातच स्क्रू पिळून दात बसवतात. मासिकात वाचलं मी. त्यातून थोडं जाणवतं म्हणे."

"मंग मले तेच बसवून द्या."

"आपल्याकडे यायला माझे केस पिकतील, वासुदेवराव."

"हाडात पिळते, तर दुखत असन?"

"दुखत असेल."

"चालते मले," वासुदेवराव म्हणाले. डॉक्टर हसला. आपण गंमत केली असं त्याला वाटलं, हे ओळखून मग तेही तोंड झाकून हसले.

*

दसऱ्यानंतर बंड्या सुरू झाल्या. वासुदेवरावांचे गाल भरलेले बघून हमाल गुलाब म्हणाला, "साहेब, मेहुण्याकडं तूप लय होतं वाटते."

पहिल्या बंडीची सरकी त्यांनी दाढेखाली धरली. कवळी एका बाजूनं उचलली गेली, सरकी घसरून जिभेखाली गेली. पुन्हा धरली. हिरडीत कळ आली, सरकी तशीच. कोरडी की ओली, काही कळेना. सरकीऐवजी वाटाणा असता तरी कळलं नसतं.

बंडीवाला आवाजाची वाट बघत उभा होता.

वासुदेवरावांनी जीभ टाळूला लावून सोडली. कट्.

"चालू द्या."

इतकं सोपं होतं ते. त्या दिवसापासून ते हातानं कापूस चाचपत, अंदाज बांधत, आणि आवाज जिभेनं काढत. पूर्वी त्यांची जेवणाची सुट्टी गप्पांत जाई. आता ते डबा घेऊन कापसाच्या गंजीच्या मागे जात आणि भिंतीकडे तोंड करून जेवत.

दिवाळी झाली आणि त्यांनीच पास केलेल्या कापसाची एक गंजी आतल्या ओलीनं तापली. हमालांनी वरचा थर काढला तर वाफ निघाली, खालचा कापूस पिवळा पडलेला. केंद्राचे प्रमुख प्रभाकरराव तिथं आले, त्यांनी मूठभर कापूस घेतला, टाकला.

"वासुदेवराव, तुमच्या हातून?"

एवढंच बोलले ते, आणि तेही हळू. हमाल मात्र कामं थांबवून बघत होते.

*

दुसऱ्या दिवशी पहिली बंडी रूपरावांची होती. आष्टीच्या पलीकडून रात्रभर चालून आलेली. या माणसानं उभ्या आयुष्यात कापसाला पाण्याचा हात लावला नव्हता, हे सगळ्या बाजाराला माहीत होतं.

वासुदेवरावांनी हात खुपसला. हाताला कापूस कोरडा लागला. पण काल तापलेल्या गंजीतला कापूसही तेव्हा कोरडाच लागला होता. त्यांनी सरकी सोलली आणि आज जीभ वाजवली नाही. खरोखर चावली.

फुटली नाही.

दुसरी घेतली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत दाबली. नाही.

"ओला हाये," ते म्हणाले.

रूपरावांना ऐकू आलं नाही असं वाटलं. मग ते म्हणाले, "काय म्हणता जी? आठ उन्हं देल्ले मी याले."

"सरकी फुटत नाई."

मागच्या बंडीवरून कुणीतरी म्हणालं, "रूपराव, वाटेत महादेवाले अभिषेक केला का?" लोक हसले.

रूपरावांनी बंडीतला कापूस उचलला, सरकी काढून आपल्या दाताखाली घातली. कट्. मागच्या बंडीपर्यंत आवाज गेला. "माह्या तोंडात तर फुटते, साहेब."

हसणं थांबलं. सगळे वासुदेवरावांकडे बघू लागले. कवळीच्या कडेनं हिरडीला चीर पडली होती आणि तोंडात रक्ताची चव होती. ती त्यांनी गिळली.

"तुमची वरची हाये," ते म्हणाले. "मी तळातून काढली."

रूपरावांनी बंडीच्या तळाच्या फळ्यांवरून हात फिरवला.

"तळ लहानूनं भरला," ते म्हणाले. लहानू त्यांचा धाकटा भाऊ. तो बैलांपाशी उभा होता. "काऊन रे?"

"दादा, शप्पथ तुमची. मी एक थेंब..."

"साहेबाचा दात खोटा बोलते का?"

रूपरावांनी बैल वळवले. फाटकातून बाहेर पडेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

*

पुढचं गुलाबनं सांगितलं, चहाच्या टपरीवर, सगळ्यांसमोर. "रूपरावानं भावाले घरातून हाकललं म्हन्ते. लहानूनं बंडी खाली करून दाखवली, तळापर्यंत कोरडी निघाली. रूपराव म्हने, वाटेनं उन्हात वाळली. लहानू तसाच सासुरवाडीले गेला." मग वासुदेवरावांकडे वळून, "पन तुमचा दात म्हंजे दात, साहेब. घरचा चोर पकडून देल्ला."

वासुदेवरावांनी चहा अर्धा ठेवला.

घरी कोकिळाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "जाऊन सांगा ना त्याइले."

"काय सांगू?"

"हाये ते."

"मंग उद्यापासून माह्यापुढं बंडी कोन लावन?"

"अन् लहानूले घरात कोन घेईन?"

रात्री त्यांनी वरच्या फळीवरून फुलपात्र काढलं, पाणी भरून नवऱ्याच्या उशाशी ठेवलं आणि रोजच्यासारखं तोंड फिरवून झोपल्या नाहीत. बघत राहिल्या. वासुदेवरावांनी दिवा मालवून मगच कवळी काढून त्यात टाकली.

*

रविवारी ते एसटीनं आष्टीला उतरले आणि पुढे पायी गेले. रूपरावांच्या अंगणात जुन्या लुगड्यांवर कापूस पसरला होता. रूपराव एकटेच तो खालीवर करत होते.

"या जी, या. साहेब आपल्या घरी? नलू, च्या मांड." लेकीला हाक देऊन त्यांनी अंगावरचा कापूस झटकला. "पुन्हा उन्हं देल्ले. आता पाहा. आता जर फुटली नाई तर सारा उकिरड्यावर टाकतो."

त्यांनी मूठभर कापूस पुढे केला. वासुदेवरावांनी एक सरकी सोलली. बोटांत धरून उभे राहिले.

मग ती रूपरावांच्या हातावर परत ठेवली, आणि वरची कवळी काढली. खालची काढली. चेहरा आत बसला. उन्हात दात ओले चमकत होते, लाळेची तार मनगटापर्यंत आली होती.

"यानं काई समजत नाई," ते म्हणाले. दातांवाचून त्यांचे शब्द नुसते वाऱ्यासारखे निघत होते. "उन्हाळ्यापासून हे असंच हाये. आवाज मी जिभेनं काढतो."

रूपराव वासुदेवरावांच्या तळहातावरच्या दातांकडे बघत होते.

"अन् त्या रोजी? तळातली होती ना?"

"मी काढली ते तळातलीच. पन कोरडीच असन. मले समजलंच नाई. तुमची फुटली तवाच बोलाले पायजे होतं. लहानूनं पानी नाई मारलं."

रूपरावांचा हात उठला, वासुदेवरावांनी डोळे मिटले. काही झालं नाही. डोळे उघडले तेव्हा दारात नलू कपबशी घेऊन उभी होती, तिच्यामागे शेजारची एक म्हातारी.

रूपरावांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून पुढे केला.

"तोंड झाका जी. बाया पाहून राह्यल्या."

मग ते गोठ्याकडे वळले. "नलू, बंडी जुपतो मी. लहानूले आनाले जातो."

चहा कुणी पुढे केला नाही. वासुदेवराव तोंडावर दुपट्टा धरून कापसाच्या कडेला उभे होते. दुसऱ्या मुठीत दात होते.

सत्तावन्न सालच्या हंगामात, तोंडात सगळे दात धड होते तेव्हा, पारखी म्हणून लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात, वासुदेवरावांनी आपल्या वडिलांची बंडी फाटकातून परत पाठवली होती. तिचा तळ ओला होता.