पोटरीवरची डबी

बायको गेल्याचं मला दुकानात कळलं. एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं अस्तर उसवत होतो, तेवढ्यात तिच्या लॅबमधल्या असिस्टंट मुलीचा फोन आला. "काका, मॅडम खुर्चीतून पडल्या. दवाखान्यात आणलं, पण हृदय बंद पडलं होतं." मी कात्री खाली ठेवली आणि शटर उघडंच टाकून निघालो.

दवाखान्यात नर्सने एक पिशवी दिली. तिच्यात चष्मा, घड्याळ आणि कापडी पट्टा लावलेली काडेपेटीएवढी डबी होती.

"ही त्यांच्या पायाला बांधलेली होती. कसलं यंत्र आहे का?"

"हो," मी म्हणालो. समजावून सांगायचं त्राण नव्हतं.

डबीत उवा होत्या. डोक्यातल्या नव्हेत, कपड्यांच्या शिवणीत राहतात त्या. रात्रनिवाऱ्यात झोपणाऱ्या माणसांना पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका तापावर बायको संशोधन करत होती. त्या तापाचे जंतू उवेच्या विष्ठेत असतात. माणूस खाजवतो आणि ते ओरखड्यातून आत शिरतात. तुलनेसाठी तिला तापाचे जंतू नसलेल्या उवा पाळाव्या लागत, म्हणून ती डबीची जाळीची बाजू पोटरीवर बांधून त्यांना स्वतःचं रक्त पाजायची. पट्टा मीच शिवला होता, आत अंडी घालायला कापडाचा तुकडाही. "आपल्याला मूलबाळ नाही, पण खाणारी तोंडं बघ किती," असं ती म्हणायची.

सगळं उरकल्यावर माझी ताई राहायला आली. दवाखान्यातून आल्यापासून मी रोज पोटरीला डबी बांधत होतो, ते तिने पाहिलं.

"काय आहे ते?"

"उवा."

"अरे, डोकं ठिकाणावर आहे का? टाक उकळत्या पाण्यात."

"तिच्या आहेत, ताई."

"तिचे कपडे आहेत, पुस्तकं आहेत. जपायला तुला उवाच सापडल्या?"

तरी माझ्या खुर्चीखाली तिने पांढरी चादर अंथरली, एखादी पडलीच तर दिसावी म्हणून.

चावलेलं कळत नाही, खाज नंतर सुटते. बायकोला मी कधी खाजवताना पाहिलं नव्हतं. कसं जमवायची कोण जाणे.

काही दिवसांनी असिस्टंट मुलगी घरी आली. ताईने दिलेला चहाचा पेला तिने खाली ठेवला.

"काका, लॅबमधल्या उवा मेल्या. त्या गडबडीत कोणालाच आठवलं नाही, मलासुद्धा. साहेब म्हणतात बाहेरून मागवू. पण त्या सशाच्या रक्तावर वाढवलेल्या. मॅडमचं आधीचं काम माणसाच्या रक्तावर वाढलेल्या उवांवरचं, ते जुळायचं नाही. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, आणि तेवढं कोणी करणार नाही."

मी पायजमा वर केला. ती बघतच राहिली. मग हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

तिने डबी उजेडात धरली. "या मरगळल्यात, काका. बऱ्याचशा मेल्यात. तुम्हाला काही औषध चालू आहे का?"

"घसा सुजलाय त्याचा," ताई म्हणाली आणि गोळ्यांची पट्टी घेऊन आली.

मुलीने ती वाचली. "अँटिबायोटिक आहे. उवेच्या पोटात तिचे चांगले जंतू असतात, त्यांच्याशिवाय ती जगत नाही. गोळ्या तुमच्या रक्तातून त्यांच्या पोटात गेल्या आणि ते जंतू मेले."

हे बायकोने मला सांगितलं असणार. मी तेव्हा बटणं शिवत असेन, लक्ष नसेल.

"मी आणलेल्या गोळ्या," ताई म्हणाली.

मुलीने चिमट्याने कापडाचा तुकडा उचलला. शिवणीला बारीक पांढरी अंडी चिकटलेली होती. "ही पट्ट्याकडची गोळ्या सुरू व्हायच्या आधीची असतील. यातून काही निघतील बहुतेक." मेलेल्या बाजूला काढून तिने तुकडा परत डबीत ठेवला, आणि डबी स्वतःच्या पोटरीला बांधली.

"तुला परवानगी आहे?" मी विचारलं.

"घेईन. साहेबांशी मी बोलते."

पट्टा तिला सैल होत होता. मी सुई-दोरा आणून एक टीप मारली.

आता काही पिल्लं निघाली आहेत. ती जगतील की नाही, ते सांगता येत नाही असं ती मुलगी म्हणते. निवाऱ्यातल्या माणसांचे बायकोने तपासायला आणलेले कोट लॅबच्या फ्रीजरमध्ये तसेच पडून आहेत. आतल्या उवा काढता याव्यात म्हणून त्यांच्या शिवणी सुट्टीच्या दिवशी उसवून देतो, असं मी बायकोला कबूल केलं होतं. अजून एकही उसवलेला नाही.