आगांच्या हातातली काठी

आमच्या शहराला नदी नाही. एका बाजूला खारा समुद्र आणि बाकी सगळीकडे वाळवंट. अणुभट्टीच्या उष्णतेवर वीज व्हायची, समुद्राचं पाणी गोडं व्हायचं, म्हणून तर आम्ही तिथे राहत होतो. भट्टीला शिव्या घालणारेही घरी येऊन तिच्याच पाण्याचा चहा ढोसायचे.

मी त्या भट्टीवर किरण मोजायचे. किरण दिसत नाहीत, त्यांना वास नसतो, अंगात घुसले तरी कळत नाही, म्हणून माझ्यासारखी एक खडूस बाई दारात उभी करावी लागते. मी सगळ्यांकडून तीन गोष्टी घोकून घ्यायचे: थांबायचं कमी, उभं राहायचं लांब, आणि मध्ये शिसं नाहीतर पाणी हवं.

माझा धाकटा भाऊ झांदोस तिथेच फिटर होता. त्याचं लग्न ठरलं होतं. तो मला सगळ्यांदेखत चिडवायचा, "रौशनताई, बायकोशीही असंच वागू का? थांबायचं कमी, उभं राहायचं लांब?"

"आणि मध्ये मला उभं कर," मी म्हणायचे. "शिशाची गरज नाही पडणार."

त्याला काम शिकवलं ते तोलेगेन आगांनी; आमच्याकडे थोरल्या माणसाला आगा म्हणतात. साठीला आलेले, विधुर, एका गुडघ्याने अधू. सुट्टीच्या दिवशी ते आमच्याकडेच जेवायचे. जेवणाआधी पाहुण्यांच्या हातांवर पाणी घालायचं काम घरातल्या धाकट्याचं. झांदोस सुरई धरायचा, हात धुऊन झाले की आगा म्हणायचे, "खूप जग, पोरा." पाणी घालणाऱ्याला एवढं म्हणायचंच असतं. आणि थोरलं माणूस काही उचलायला वाकलं, की धाकट्याने धावत जाऊन ते त्याच्या हातातून काढून घ्यायचं. हे आईने आम्हाला पाठीत धपाटे घालून शिकवलं होतं.

त्या वसंतात वापरलेलं इंधन हलवताना एक तुकडा तुटून फरशीवर पडला. बोटाएवढा. पाण्याखाली होता तोवर निरुपद्रवी, उघड्यावर पडल्यावर काळ. तो जाड शिशाच्या भांड्यात ढकलून झाकण लावायचं होतं. कोणी जायचं ते मी ठरवलं: ज्यांची पोरंबाळं होऊन गेलीत तेच. तरुण एकही नाही. एकेकाने जायचं, घोडे पकडायला फास बांधतात तसल्या लांबलचक काठीने तुकडा थोडा सरकवायचा, माझी शिट्टी झाली की आहे तिथे सोडून बाहेर. मग पुढचा. झांदोसने जाड भिंतीआडून फक्त काठ्या द्यायच्या होत्या.

पहिल्या दोघांनी सांगितलं तसं केलं. तिसरे आगा. त्यांनी तुकडा भांड्याच्या तोंडापर्यंत नेला आणि तिथेच काठी हातून निसटली. मी शिट्टी फुंकली. आगा बाहेर यायच्या ऐवजी गुडघा धरून काठी उचलायला वाकले.

"सोडा ती! बाहेर या!" मी ओरडले.

माझ्या बाजूने कोणीतरी सुसाट गेलं. झांदोस. त्याने आगांच्या हातातून काठी घेतली, त्यांना दाराकडे ढकललं. काठीने जमेना तशी ती फेकली, तुकडा सरळ मुठीत उचलून भांड्यात टाकला आणि झाकण लावलं.

"झालं की," तो हसत बाहेर आला. "हातमोजे होते ना, ताई."

हातमोजे धूळ अडवतात, किरण नाही. हे मीच त्याला शिकवलं होतं. मी त्याच्या थोबाडीत मारली आणि तसाच दवाखान्यात नेला. तिथे पोचेपर्यंत त्याला उलट्या सुरू झाल्या. उलटी इतक्या लवकर होते म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. त्यालाही होतं. त्याने माझ्याकडे पाहायचं टाळलं.

आई आली. मी तिला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "आगांच्या हातातून घेतली ना त्याने काठी?"

"हो."

"मग बरोबर केलं माझ्या पोराने."

"काय बरोबर केलं?" मी किंचाळले. "तिथे म्हाताऱ्याला वाकू द्यायचं असतं, आई! तिथे धाकट्याने नुसतं बघत उभं राहायचं असतं!"

आधी त्याचे हात गेले, मग केस, मग तोंडातली कातडी. महिना सरायच्या आत तो गेला. शवपेटी बंद करूनच दिली, आईला त्याचं तोंडही पाहता आलं नाही. मला आगांचा इतका राग आला होता की दफनाला मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले.

घरी जेवण मांडलं. लोक जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाभोवती बसले, पण हातांवर पाणी घालायला कोणीच पुढे होईना. सुरई कोपऱ्यात तशीच होती. आगा भिंतीचा आधार घेत उठले आणि सुरई घ्यायला वाकले. आमचे तीन-चार चुलतभाऊ एकदम उठले.

"बसा," आई म्हणाली. "कोणी हात लावू नका. उचलू द्या त्यांना."

पोरं बसली. आगा लंगडत आईसमोर आले आणि पाणी ओतू लागले. अर्धं जमिनीवर सांडत होतं. आईने सावकाश हात धुतले, पुसले आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत म्हणाली, "खूप जगा, आगा."

सुरई त्यांच्या हातून खाली पडली. ती उचलायला कोणी उठलं नाही.