अकरावं रोप

पहिला कोंब सोमवारी सकाळी वर आला. सून तेव्हा वाळक्या पानांची टोपली घेऊन वाफ्यांमधून चालली होती. तिने टोपली तिथेच टाकली आणि "आला, आला" करत घराकडे धूम ठोकली. नवऱ्याला वाटलं, नळाला पाणी आलं. तो तोंडाला साबण तसाच ठेवून पंप चालू करायला पळाला. बिचाऱ्याचं चुकलं असं काही म्हणता येणार नाही. मातीतून बोटभर कोंब वर आला म्हणून कुणी एवढा गलका करतं, हे शहाण्या माणसाला सुचणार कसं?

पण या कोंबाची तीन वर्षं वाट बघितली होती. आणि जिने ती बघायला लावली, ती बाई आत्ता घरात नव्हती. पाच आठवडे दवाखान्यात भिंतीकडे तोंड करून पडली होती.

ही बाई म्हणजे सुनेची सासू. चाळीस वर्षं नर्स होत्या, त्यामुळे अख्खी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. निवृत्त झाल्यावर सिस्टर कुठल्याशा आठ दिवसांच्या वर्गाला गेल्या आणि येताना एक शब्द घेऊन आल्या, पर्माकल्चर. सुनेने अर्थ विचारला तर म्हणाल्या, जमिनीला दरवर्षी उकरून छळायचं नाही, एकदा लावायचं आणि वीस वर्षं खायचं. मग घरामागच्या पडीक तुकड्यावर अंजीर आणि शेवगा उभे राहिले, त्यांच्या सावलीत लिंबू, लिंबाच्या पायाशी गवती चहा, रोझमेरी, ओव्याची पानं. सगळं वॉर्डसारखं. प्रत्येक वाफ्याला नंबर, प्रत्येक नंबराची वहीत नोंद. पुदिना मात्र सिमेंटच्या टाकीत कोंडलेला. तो दिसेल तिथे पसरतो, म्हणून सिस्टर त्याला संसर्गजन्य म्हणायच्या.

सुनेला आधी या सगळ्याचा वैताग यायचा. ती घरी शिवणकाम करायची, कपडे सैल-घट्ट करून द्यायची. तिला दुपारी दिलेलं संध्याकाळी तयार, अशी सवय. वीस वर्षांच्या गप्पा ऐकून तिला हसू यायचं. मग हळूहळू काय झालं कोण जाणे, तीही मशीन थांबवून खिडकीतून अंजिराची पानं मोजायला लागली. एकदा ही लागण झाली की सुटका नाही.

आणि मग आला तो सात नंबरचा वाफा, ॲस्परॅगसचा. आपली औषधाची शतावरी असते ना, तिचीच ही सख्खी बहीण. तिचं मूळ खातात, हिचे कोंब. सिस्टरांनी त्याचे अकरा गड्डे आणले, वाळलेल्या कोळ्यांसारखे दिसणारे, हात लावायला नको वाटेल असे. चर खणून एका ओळीत लावले आणि घरात नियम जाहीर केला. पहिली दोन वर्षं एकही कोंब कापायचा नाही. कोंब वाढून त्याचा पिसारा होऊ द्यायचा, म्हणजे मुळं धरतात. तिसऱ्या वर्षी कापायचे, आणि पहिला कोंब ज्याने लावला त्यानेच कापायचा. बोलण्याचा सूर असा, की एखाद्याने सलाइन ओढून काढलेलं परवडेल, पण कोंब नाही.

आता खरं सांगायचं तर सुनेने हा नियम मोडला होता. गेल्या वर्षी, सिस्टर डोळे तपासायला गेल्या असताना. अकरा रोपांपैकी शेवटचं रोप पाण्याच्या ड्रममागे होतं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून न दिसणारं असं तेवढं एकच. तिने त्याचा कोंब तोडला, फडक्याला पुसला आणि उभ्या उभ्या कच्चा खाऊन टाकला. अहाहा, काय चव होती. पण त्यानंतर त्या रोपाने पुन्हा डोकं म्हणून वर काढलं नाही. सिस्टर रोज ओळ मोजायच्या, अकराव्यापाशी थांबायच्या आणि पुढे जायच्या. सून तेवढ्यात मशीन जोरात चालवायची.

मग या थंडीत सिस्टर पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं. छान झालं नाही ते पुढचं. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांना उठवून चालायला लावलं, ती स्वतः उठायचं नाव घेईना. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी गोड बोलून, रागावून दमली. डॉक्टरांनी सांगितलं, वॉकर धरून वीस पावलं आणि तुमच्या दारात आहेत तशा तीन पायऱ्या जमल्या तर घरी पाठवतो. नाही जमलं, तर लिफ्ट असलेलं घर बघा. लिफ्ट नणंदेकडे होती, चौथ्या मजल्यावर. नवऱ्याने शनिवारी आईला गाडीने आणून सोडायचं बहिणीला कबूलही केलं होतं. तो काळजीपोटीच करत होता. पण सून मनातून धास्तावली होती. चौथ्या मजल्यावर सिस्टर जगतील, औषधं वेळेवर घेतील, आणि टीव्हीसमोर बसून संपून जातील, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

आणि नेमका या सोमवारी कोंब वर आला.

सुनेने गळ्यातली मापाची टेप काढली आणि गुडघे टेकून माप घेतलं. दोन इंच. पाचोळा बाजूला सारत गेली तर तिसऱ्या रोपाचं जांभळं नाक, मग सातव्याचं, मग पहिल्याचं. संध्याकाळी पुन्हा मोजलं तर पहिला कोंब साडेतीनवर. तिचा विश्वास बसेना. मशीनवर बसली पण एक बाही उलटी लावून ठेवली. मंगळवारी सकाळी साडेपाच इंच. जमिनीतून कुणीतरी वर ढकलत असल्यासारखे कोंब येत होते, आणि ती दर दोन तासांनी टेप घेऊन बाहेर धावत होती.

पण आनंदाला एक भीती चिकटलेली होती. ॲस्परॅगसचा कोंब कुणासाठी थांबत नाही. वीतभर झाला की एक-दोन दिवसांत टोक सुटतं, फांद्या फुटतात, मग तो दोरखंडासारखा चिवट. शनिवारपर्यंत पहिले कोंब कापले गेले नाहीत तर गेले. नवरा म्हणाला, एक कापून आईला नेऊन दाखव, बरं वाटेल तिला. सून एवढी भडकली की तो उठून बाहेर गेला. मेलेला कोंब दाखवून कुणाला बरं वाटतं का?

तिने दुसरंच केलं. सिस्टरांच्या जुन्या सामानातून तिने ताप-नाडीचा एक कोरा तक्ता काढला, दवाखान्यात खाटेच्या पायथ्याशी लावतात तसा. तापाच्या जागी उंची लिहिली, नाडीच्या जागी रंग. वर मोठ्या अक्षरात 'वॉर्ड नंबर सात'. सकाळ-संध्याकाळच्या रेघा लाल शाईने जोडल्या. मंगळवारी दुपारी दवाखान्यात गेली, सिस्टर भिंतीकडे बघत होत्या. तिने खाटेच्या पायथ्याशी तक्ता अडकवला, संत्रं सोलून ठेवलं आणि निघून आली.

पडल्या पडल्या तो वाचता येत नव्हता. त्यासाठी उठून बसायला लागत होतं. आणि नर्सच्या समोर तक्ता असावा आणि तिने तो वाचू नये, असं होत नाही.

बुधवारी सून नवे आकडे भरायला गेली तेव्हा सिस्टर उशीला टेकून बसल्या होत्या. चष्मा लावलेला. पाच आठवड्यांत त्यांनी सुनेला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"दहाच पेशंट लिहिलेत. अकरावा कुठाय?"

सुनेने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. अजून वर आला नाही, असं ती कसंबसं म्हणाली. सिस्टरांनी एकदम नजर खाली वळवली आणि चादरीची घडी नीट करायला लागल्या. मग म्हणाल्या, सगळ्यात मोठा आठ इंचांवर गेलाय, उद्या कापून टाक, नाहीतर फुटेल.

"मी नाही कापणार," सून म्हणाली. "लावणाऱ्याने कापायचा, असं तुम्हीच सांगितलंय."

"मग फुटू दे."

"फुटू देते. शनिवारी तुम्ही ताईंकडे जा, मी सगळ्यांचा पिसारा होऊ देते. पुढल्या वर्षी पुन्हा विचारीन, तेव्हा पण नाही आलात तर पुन्हा होऊ देईन. वीस वर्षं आहेत माझ्याकडे."

एवढं बोलून ती तरातरा बाहेर पडली आणि जिन्यात जाऊन रडली. सासूला असं बोलायचं तिचं हे पहिलंच. घरी येईपर्यंत तिने स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या.

गुरुवारी ती गेलीच नाही, हिंमत झाली नाही. दुपारी फोन आला तो व्यायामवाल्या मुलीचा. आवाजावरून ती हसतेय की रडतेय ते कळेना. सिस्टरांनी सकाळी स्वतःहून वॉकर मागितला. चार पावलं टाकली, घाम फुटला, बसल्या, पुन्हा उठल्या आणि नऊ टाकली. वर तिलाच सुनावलं की तू वॉकरची उंची चुकीची ठेवलीस, महिनाभर मी बघतेय. मग म्हणाल्या, सुनेला फोन लाव, आजचे आकडे आले नाहीत, असा निष्काळजीपणा माझ्या वॉर्डात चालत नाही.

सुनेने फोनवरच आकडे सांगितले आणि पलीकडून मुलीने ते तक्त्यावर भरले. दोन कोंब उन्हाने भराभर वाढून फुटले होते, तेही तिने सांगून टाकलं. शुक्रवारी सिस्टरांनी बावीस पावलं टाकली. तीन पायऱ्या चढल्या, उतरल्या, आणि डॉक्टरांना म्हणाल्या, कागद तयार करा. नवऱ्याने बहिणीला फोन करून सांगितलं, आई येत नाही. सांगताना तो मिश्या नसताना मिशीवरून हात फिरवत होता.

शनिवारची गंमत काय सांगावी. नवऱ्याने सकाळपासून वाफ्यांच्या वाटेवर फळ्या टाकल्या, कारण भुशाच्या वाटेत वॉकरचे पाय रुतले असते. शेवटी फळ्या कमी पडल्या तर माळ्यावरचं जुनं दार आणून टाकलं. सून सकाळी सहापासून कोंबांवर ओलं फडकं धरून उभी, उन्हाने फुटू नयेत म्हणून. शेजारीण कुंपणावरून विचारायला लागली की काय चाललंय, तर सून म्हणाली, पेशंट सांभाळतेय.

सिस्टर आल्या. घरात गेल्याच नाहीत, गाडीतून उतरून सरळ मागे. ठक, पाऊल, ठक, पाऊल. पुदिन्याच्या टाकीशी थांबल्या, एक पान चुरगाळून हुंगलं, म्हणाल्या, हा कोंडून पण सुधारला नाही. पुढे दारावरून चालत सात नंबरला पोचल्या. तिथे मांडलेल्या स्टुलावर टेकल्या. सुनेने भाजीची सुरी त्यांच्या हातात दिली आणि त्यांच्या पाठीला एक हात लावून उभी राहिली.

सिस्टरांनी सगळ्यात जाड कोंब निवडला, मातीच्या जरा खाली सुरी घातली आणि कापला. कचकन आवाज आला. सुनेला इतकं भरून आलं की तिला दोन मिनिटं काही दिसेना.

सिस्टरांनी कोंब पदराला पुसला, त्याचे तीन तुकडे केले आणि मुलाच्या आणि सुनेच्या हातावर एकेक ठेवला.

"कच्चाच खा," त्या म्हणाल्या. "कोवळ्या मटारासारखा लागतो. टोकापेक्षा खालचा भाग जास्त गोड."

"हो ना, खालचाच गोड," सून म्हणाली.

तुकडे अजून तिघांच्याही हातातच होते. कुणी तोंडात घातलेच नव्हते.

सिस्टर सुनेकडे बघायला लागल्या आणि सून सिस्टरांकडे.

"तुला काय माहीत?" सिस्टरांनी विचारलं.

"तुम्हांला काय माहीत?"

सिस्टरांनी सुरी खाली ठेवली. "पहिल्या वर्षी," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं सिनेमाला गेला होतात. एकच तोडला, ड्रममागचा. तिथलं खिडकीतून दिसत नाही. मीच मारलं गं ते रोप. तुला विचारलं दवाखान्यात, पण जीव थाऱ्यावर नव्हता माझा."

"मी दुसऱ्या वर्षी," सून म्हणाली. "तोच. ड्रममागचा."

दोघींना हसू आवरेना. सिस्टर खुबा धरून हसत होत्या, हसवू नको, कळ येते म्हणत होत्या, आणि पुन्हा हसत होत्या. वर्षभर एकमेकींपासून तोंड लपवत दोघी त्याच रिकाम्या जागेपाशी थांबत होत्या.

नवरा आपला तुकडा चघळत ड्रमपाशी वाकला होता. तो म्हणाला, इथली तोटी गळतेय कधीची, माती बघा केवढी चिखल झालीय, त्या रोपाची मुळं कुजली असणार. तुमच्या एकेका कोंबाने काय होतंय? दोघींनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा तोटीकडे वळला.

सिस्टर वॉकर धरून उठल्या. पाच पावलं चालून अकराव्या जागेपाशी गेल्या आणि त्यांनी वॉकरच्या पायाने ती ओली माती दाबून बघितली. मुलाला म्हणाल्या, आजच्या आज तोटी बदल. मग सुनेला म्हणाल्या, एक नवा गड्डा मागव.

सुनेने मान डोलवली. मग न राहवून विचारलं, "त्याला पण तीन वर्षं?"

"मग काय त्याला सवलत आहे?" सिस्टर म्हणाल्या. "नवीन तक्ता आख. तीन वर्षांचा. आकडे मी भरणार."

आणि त्यांनी आपला तुकडा तोंडात टाकला, खालचा.