जावईबापूंचे गोंडे

बावीस वर्षं डोंगरातली वळणं घेताना ज्या बसड्रायव्हरला साधं खरचटलं नव्हतं, तो घरच्या पायरीवरून भरल्या बादलीसकट घसरला. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर बसलं आणि दीड महिन्याची रजा पदरी पडली.

चार दिवसांत त्याने घर डोक्यावर घेतलं. चांगला चालणारा रेडिओ उघडून बंद पाडला, भाजी कशी चिरावी ते बायकोला समजावलं. तिने हूं की चूं केलं नाही, कारण तिला मान वर करायलाही फुरसत नव्हती. ती आणि तिची आई दोघी विणकर. त्यांच्या डोंगरी जमातीतल्या बायका पिढ्यान्पिढ्या कमरेच्या मागावर सुती कापड विणत आल्या होत्या. मागाचं एक टोक खांबाला बांधलेलं, दुसरं पट्ट्याने विणणारीच्या कमरेला. ती मागे रेलली की ताणा, म्हणजे उभे धागे, ताठ; पुढे वाकली की सैल. शहरातल्या एका दुकानाच्या बाईंनी खांद्याला अडकवायच्या साठ पिशव्या मागवल्या होत्या आणि प्रत्येक पिशवीला सहा गोंडे हवे होते.

"जावईबापू," सासूबाई मागावरूनच म्हणाल्या, "तोंडाला देता तेवढा व्यायाम जरा हातांना द्या. गोंडे करा."

"मी? आई, हे हात गाडी वळवणारे आहेत."

"मग झालंच की! सूतही वळायचंच असतं."

पहिला गोंडा पाहून बायकोने तोंडाला पदर लावला. "अहो, हा गोंडा की झिजलेला कुंचा?"

ड्रायव्हरला ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी तो सकाळपासून सूत घेऊन बसला. दोन पदर एकाच दिशेने वळायचे, मग एकत्र सोडायचे, म्हणजे ते आपणहून एकमेकांना मिठी मारतात, एवढं त्याला कळलं होतं; पण बोटांत पीळ ठरेना. कंटाळून त्याने सूत मांडीवरच्या प्लास्टरवर टेकवलं आणि तळहाताने पुढे लोटलं. खरखरीत प्लास्टरने सूत असं धरलं की पीळ घट्ट बसला. संध्याकाळपर्यंत अठरा गोंडे झाले.

सासूबाईंनी एक उचलला, नखाने उकलून पाहिला, उकलला नाही. "हं," त्या म्हणाल्या.

सोळा वर्षांच्या जावईपणात त्याला त्यांच्याकडून मिळालेलं हे पहिलं 'हं'. त्या रात्री तो दोन घास जास्त जेवला.

पंधरवड्याने दुकानाच्या बाई काम पाहायला आल्या. गोंडा हातात घेऊन म्हणाल्या, "हे कुणी केले? पीळ अजिबात सुटत नाही."

ड्रायव्हरने गडबडीने वर्तमानपत्र उघडलं. बसस्टँडवर ही बातमी गेली असती तर त्याची काही खैर नव्हती.

"यांनी," बायकोने सांगूनच टाकलं.

"स्वभावातलाच पीळ आहे तो," सासूबाई म्हणाल्या. "सुंभ जळला तरी जायचा नाही."

बाई मनापासून हसल्या आणि किल्ल्यांना लावायला शंभर सुटे गोंडे आणखी सांगून गेल्या. वर्तमानपत्राआड ड्रायव्हरचे कान लाल झाले होते, पण तो खूश होता.

मग प्लास्टर कापायचा दिवस आला. दवाखान्यातला माणूस त्यावर उतरलेले सुताच्या रंगाचे लाल-निळे पट्टे बघतच राहिला. "पाय मोडला होता की रंगवायला टाकला होता?"

घरी येऊन ड्रायव्हर हौसेने कामाला बसला आणि सगळंच बिनसलं. पँटवर सूत घसरे. उघड्या मांडीवर वळावं तर केस अडकून डोळ्यांत पाणी येई. बऱ्या झालेल्या पायावर चिडणारा तो जगातला पहिलाच माणूस असावा.

सासूबाई उठल्या. माळ्यावरून त्यांनी एक जुनं कौल काढलं, मांडीवर अचूक बसेल असं बाकदार, पण पाठीला खरखरीत.

"यावरच वळतो आम्ही."

"मग आधी का नाही दिलंत?"

"आधी तुमचं तुमच्याजवळ होतं. आणि सोळा वर्षं या घरात वावरताय, आम्ही कशावर वळतो ते कधी पाहिलंत?"

त्या दिवशी ड्रायव्हर दुपारभर दोघींच्या मागांजवळ बसून राहिला. बायको कमरेने ताणा कसा सांभाळते, रंग कुठे बदलते, एक धागा चुकला तर दहा ओळी मुकाट्याने कशा उसवते, हे तो पाहत होता.

"काय बघताय?" तिने विचारलं.

"काम," तो म्हणाला. ती नुसती हसली.

पिशव्या वेळेत गेल्या. ड्रायव्हर कामावर रुजू झाला. शेवटच्या थांब्यावर गाडी चाळीस मिनिटं उभी राही. पहिल्याच दिवशी तिथे त्याने डब्याच्या पिशवीतून कौल आणि सूत काढलं, तसा कंडक्टर वाकून बघू लागला.

"काय हो, बसचं छप्पर गळायला लागलं का?"

पळवाट शोधायला ड्रायव्हरने तोंड उघडलं, मग विचार बदलला. शेजारच्या सीटवरचा डबा उचलून त्याने जागा करून दिली.

"बस इथे," तो म्हणाला. "आणि सुताचं हे टोक घट्ट धर."