पट्टा सोड

दवाखान्याच्या आवारातल्या झाडावर आठवड्यापूर्वी वीज पडली होती, तरी पानं अजून हिरवीगार होती. झाडं तोडण्यात केस पिकलेल्या बापाने बुंध्यावर कुऱ्हाडीचा दांडा ठोकून पाहिला, आवाज भरीव आला आणि त्याने लेकीला वर चढवलं. मागे भिंत होती. तिकडून ठोकायचा त्याने कंटाळा केला.

शेजारच्या झाडावरून सोडलेला दोर लेकीच्या कमरेला होताच. शिवाय हलायला नको म्हणून तिने पट्टा बुंध्याभोवती आवळला आणि करवत सुरू केली. तेव्हा कुठे बापाच्या नाकात आंबूस वास शिरला. त्याने भिंत आणि बुंधा यांच्यामधल्या फटीत डोकं घातलं. विजेने आतल्या रसाची क्षणात वाफ केली होती, वाफेने साल उडवून दिली होती आणि झाड वरपासून खालपर्यंत उभं चिरलं होतं. चिरेतून आंबलेला फेस गळत होता. करवतीच्या हादऱ्याने चीर रुंदावत होती. झाड उकललं की तो पट्टा लेकीला बुंध्याशी आवळून चिरडणार होता.

"पट्टा सोड!" तो ओरडला.

करवत थांबवून लेक हसली. परीक्षा पाहायला ऐन कामात असा खोटा हुकूम द्यायची बापाची जुनी सवय, आणि जो पट्टा सोडेल त्याला तो दिवसभर खाली बसवायचा. ती एकदाच फसली होती. मी काय नवशिकी आहे का, म्हणत तिने पट्टा आणखी आवळला.

त्याने शपथा घातल्या. पण शपथाही त्याने पूर्वी खोट्या घातल्या होत्या. असला बाप नशिबी आल्यावर पोरीने तरी काय करावं!

मग तो बुंध्याला लावलेली शिडी चढू लागला. दोर नाही, पट्टा नाही, गुडघे कामातून गेलेले. असा तो आयुष्यात चढला नव्हता. लेकीचं हसू मावळलं.

"बाबा, उतरा. पडाल."

"तू सोडल्याशिवाय नाही."

तिने त्याचा चेहरा पाहिला आणि कमरेतून पट्ट्याची कडी काढली. दोरावर लोंबकळत ती बाजूला गेली. बाप धडपडत जमिनीवर आला, तोच झाड मधोमध उकललं आणि बुंध्याभोवती तसाच आवळून राहिलेला पट्टा सुतळीसारखा तुटला.

लेक दोरावरून खाली आली. बापाला वाटलं, आता गळ्यात पडेल.

"तुम्हाला हसत हसत मेले असते मी, बाबा," ती म्हणाली.

बापाला रडू आवरेना.