ओहोटीची टेप

चालू.

टीव्हीवर ठाण्याची खाडी सरकते आहे. होडीचं नाक, पाणी, दोन्हीकडे तिवरं. समोर खाटेवर गोमाजी कोळी. डाव्या हातात दोन सुया. रक्त डायलिसिसच्या मशीनमध्ये जातं, धुऊन परत येतं. तो हात हलवायचा नाही. खाटेच्या पायथ्याला सायकलची पायडलं बसवली आहेत, ती मारायची.

कल्पना चित्राताईंची. त्या वर्तकनगरहून येतात, पेशंटांना व्यायाम देतात. "भिंतीकडे बघून पाय कोण मारेल? खाडी बघा. होडी तुम्हीच चालवताय समजा."

बंद.

गोमाजीचे पाय थांबलेले.

"काय झालं, काका?"

"सुकती लागलीय."

"म्हणजे?"

"ओहोटी, बाय. पानी भाईर चाललंय. होडी आपसूक जाते. पाय कशाला मारू?"

"अहो, ही टेप आहे!"

"टेप हाय. पन पानी पानीच ना?"

मालूनं, त्याच्या बायकोनं, कपाळाला हात लावला. टेप काढायला होडी नेली होती गोमाजीच्या धाकट्या भावानं, राघोनं. कॅमेरा डोंबिवलीच्या उत्तमचा; एरवी तो लग्नं काढतो. राघो ओहोटीबरोबर गेला, भरतीबरोबर आला. कोळी तसाच जातो. उलटा कशाला जाईल?

मधेच सांगायला हवं.

गेल्या नारळी पुनवेला गोमाजीला दोघांनी उचलून होडीत ठेवलं. टोपलीसारखं. त्यानं तेव्हाच सांगून टाकलं, पुढल्या नारळी पुनवेला माझ्या पायांनी चढलो नाय तर होडी राघोची. राघोला होडी नको होती. भाऊ हवा होता. पाय मात्र बारीक होत चालले होते.

पुन्हा चालू.

नवी टेप, मालूनं राघोला सांगून काढवलेली. भर ओहोटीत होडी पाण्याच्या विरुद्ध, खाडीत आत यायला बघते आहे. हलत नाही. राघो दिसत नाही, धापा ऐकू येतात. काठावरून कोणीतरी ओरडतं, "अरं राघो, सकाळीच घेतलीस काय? पानी कंच्या बाजूला चाललंय?"

"वैनी, तुझ्या नवऱ्यापायी मरनार मी!" टेपमधून राघोचा आवाज.

गोमाजी हसला. मग हसायचा थांबला. पाय फिरू लागले.

"मार रे, मार! तिकडं नको, गाळात जाशील!"

डावा हात उचलला जाणार, तोच चित्राताईंनी दाबून धरला. "हात नाही, काका. पाय."

हात राहिला. पाय चालू.

टेप नाही.

नारळी पुनव. भरती काठोकाठ. धक्क्यावर गोमाजी. दोघं उचलायला पुढे आले, त्यानं त्यांना मागे सारलं. डावा हात छातीशी, सवयीनं. एक पाय होडीत. होडी डुलली. आतून राघोनं हात दिला. गोमाजीनं उजव्या हातानं तो धरला आणि दुसरा पाय आत घेतला. मटकन बसला. बराच वेळ दम लागत होता.

मालूनं नारळ दिला.

"हात दिला मी," राघो म्हणाला. "चालतंय ना?"

"पाय माझेच व्हते." गोमाजीनं वल्हं त्याच्याकडे ढकललं. "तू मार. होडी माझी."