पायलटच्या बाजूचा काटा

काटा मेलेला आहे हे पायलटला पहिल्याच चढावर कळलं, आणि त्याला इतका आनंद झाला की हसू दाबायला खोटं खोटं खोकावं लागलं.

इंजिन ओरडत होतं, मागे पाण्याचे साठ जार एकमेकांना ढुशा देत होते, टर्बोची शिट्टी चांगली वर चढली होती. आणि त्याच्या समोर, खिडकीलगतच्या खांबावर बसवलेला निळ्या दिव्याचा नवाकोरा मीटर शून्यावर ढिम्म. शेजारी स्टिअरिंगवर सून. तिच्या ओठांचा कोपरा थरथरत होता.

"बाबा, किती?"

"पॉइंट आठ," पायलट गंभीरपणे म्हणाला.

पायलट हे नाव गॅरेजवाल्यांनी ठेवलेलं. छत्तीस वर्षं ट्रक चालवला. दोन वर्षांपूर्वी लकव्याचा झटका आला आणि उजवा पाय नावापुरता उरला. डॉक्टर म्हणाले, गाडी सोडा. याने स्टिअरिंग सोडलं, गाडी नाही. मुलगा दिवसभर कारखान्यात, म्हणून जारची पिकअप सुनेने हातात घेतली, आणि हा शेजारच्या सीटवर जाऊन बसला. हा बसला, पण तोंड बसेना. गिअर टाक. आता क्लच सोड. अगं, त्या सायकलवाल्याकडे बघ. सून चांगली चालवायची, हे त्यालाही कळत होतं. पण जिभेला कोण सांगणार? शेवटी एका वळणावर तिने गाडी कडेला घेतली आणि सांगितलं की ड्रायव्हिंगवर आणखी एक शब्द आला, तर सोमवारपासून त्या सीटवर जार उतरवायला हमाल बसेल आणि बाबा घरी बसतील. ती ओरडली असती तर पायलटने मनावर घेतलं नसतं. ती शांतपणे बोलली, म्हणून घेतलं.

तोडगा काढला भाच्याने. गॅरेज भाच्याचं, पण त्याला पाना धरायला शिकवला मामाने. भाचा म्हणाला, टर्बोच्या गाडीला बूस्टचा मीटर हवाच. इंजिनात हवा किती दाबाने घुसतेय ते काट्यावर दिसतं. वहिनीने रस्ता बघायचा, मामांनी काटा. आकडा सांगायचा, बाकी तोंडातून ब्र काढायचा नाही. दोन स्क्रू मारून मीटर मामाच्या बाजूला बसला, दिवाही लागला.

पण पहिल्या थांब्यावर सून जार उतरवत असताना पायलटने डॅशबोर्डखाली हात घातला. इंजिनाकडे जायची नळी वेटोळं करून टेपने बांधून ठेवलेली. रडक्या पोराच्या हातात खुळखुळा द्यावा, तसा मीटर दिला होता.

दुसरा असता तर त्याने थयथयाट केला असता. पायलटला भाच्याचं कौतुकच वाटलं. याच पोराला त्याने पहिल्या दिवशी पिशवी देऊन टायरसाठी ताजी हवा आणायला पाठवलं होतं. पोरगं तीन दुकानं फिरून आलं होतं. आज वीस वर्षांनी त्याने परतफेड केली. शिष्य तयार झाला म्हणायचा.

आता खेळ रंगला. पायलटच्या शेवटच्या ट्रकला असा मीटर होता, खराखुरा. दहा वर्षं शिट्टी ऐकत काटा बघितलेला. आकडे कानात मुरलेले. मेलेल्या काट्याकडे टक लावून तो खुशाल सांगत सुटला. सपाटीला पॉइंट चार, चढाला एक, खड्या चढाला एक पॉइंट दोन. घरी गेल्यावर सून भाच्याला फोन करून खिदळायची, आणि पायलट भिंतीपलीकडे उशीत तोंड खुपसून. चौथ्या दिवशी मात्र त्याच्या लक्षात आलं की एक पॉइंट दोन ऐकलं की सून नकळत पाय हलका करतेय. खोट्या काट्यावर गाडी खरी चालायला लागली होती.

शनिवारी टेकडीवरच्या दवाखान्याचे जार होते. अर्ध्या चढावर शिट्टी फाटली. तिच्याखाली बारीक फुसफुस, कुकरची रिंग सैल झाल्यासारखी.

"पॉइंट पाच," पायलट म्हणाला. पुढचा शब्द ड्रायव्हिंगवरचा होता, आणि त्याची किंमत त्याला ठाऊक होती.

"थांबव गाडी."

सुनेचा चेहरा कडक झाला. "बाबा, आपलं काय ठरलंय? काटा काय म्हणतोय तेवढंच सांगा."

"काटा शून्य म्हणतोय. पहिल्या दिवसापासून शून्यच म्हणतोय. पॉइंट पाच माझा कान म्हणतोय. थांबव, पोरी."

तिने एकदा त्याच्याकडे बघितलं, आणि गाडी कडेला घेतली.

बॉनेट उघडलं. टर्बोतून हवा नेणारा जाड रबरी पाईप तोंडाशी तेलकट झालेला, क्लॅम्प ढिला पडून अर्धा निसटलेला. आणखी दोन वळणं, आणि चढावर गाडीचा दमच गेला असता. पायलटने सांगितलं, सुनेने हाताला फडकं गुंडाळून क्लॅम्प आवळला. मग तिने फोन लावला. भाचा मोटारसायकलवर आला तो मान खाली घालूनच.

"मामा, ती नळी..."

"पिशवी आणलीस का?" पायलट म्हणाला. "ताजी हवा आण म्हटलं होतं, वीस वर्षं झाली."

सुनेला हसू आवरेना. हसता हसता तिने डोळे पुसले, ते पुसून झाल्यावरही पुसतच राहिली.

भाच्याने तिथेच, रस्त्याच्या कडेला नळी जोडली, मोटारसायकल तिथेच ठेवली आणि दोघांच्या मधे अंग चोरून बसला. गाडी निघाली. पायलटने डोक्यावरची टोपी काढून मीटरवर अडकवली आणि डोळे मिटले. "एक पॉइंट एक."

भाच्याने टोपी उचलली. काटा एक पॉइंट एकच्या केसभर खाली होता.

"नवीन आहे," पायलट म्हणाला. "शिकेल."

वर दवाखान्यात जार उतरवले. पायलटने भाच्याकडून स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला, मीटर सोडवला आणि सुनेसमोर बसवायला दिला. भाचा म्हणाला, मामा, असू दे की तुमच्याकडे. पायलटने मान हलवली. "खोटा होता तोवर माझा. खरा काटा ड्रायव्हरसमोर असतो."

सोमवारी सकाळी तो ओट्यावरच बसून राहिला. ड्रायव्हिंगवरचा शब्द तर तोंडातून गेला होता. पिकअप दारात उभी, जार भरलेले, बाजूची सीट रिकामी. हॉर्न वाजला. परत वाजला. तिसऱ्यांदा लांबलचक. पायलट उठला, पाय ओढत गेला, आपल्या सीटवर चढून दार लावून घेतलं.

चढ लागला. निळा दिवा आता सुनेच्या समोर होता, काटा सरसर वर जात होता. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. नजर रस्त्यावर.

"बाबा, किती?"

खांबावर स्क्रूंची दोन भोकं उरली होती. पायलटने त्यांच्यावर अंगठा ठेवला आणि कान दिला.